"बी पेरा, शंभरपट घ्या" ही ख्रिस्ताची सुवार्ता आहे का?

शांतिसदन:

समृद्धीच्या शिकवणीबद्दल बोललं की आपल्या मंडळ्यांमध्ये एक ठरलेलं वाक्य कानावर येतं, "अभिषिक्ताला हात लावू नका," म्हणजे देवाने नेमलेल्याविरुद्ध बोलू नका. बायबलमधल्या दावीदाने ते पाळलं. राजा शौल हाताशी सापडूनही त्याचा जीव घेतला नाही. पण त्याच दावीदाने एन-गेदीच्या गुहेबाहेर येऊन शौलाला सगळ्यांदेखत जाब विचारला. बिरुया शहरातले लोक तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून ताडून पाहायचे आणि प्रेषितांच्या कृत्यांमध्ये त्यांची स्तुतीच आहे. तेवढा अधिकार आपल्यालाही आहे असं धरून लिहितो.

शिकवण थोडक्यात अशी. ख्रिस्ताने वधस्तंभावर आपलं पाप नेलं, तसंच आजार आणि दारिद्र्यही नेलं. म्हणून निरोगी शरीर आणि भरलेला खिसा हा विश्वासणाऱ्याचा हक्क. तो तोंडाने कबूल करायचा, नकारार्थी बोलायचं नाही, आणि देवाच्या सेवकाकडे पैशाचं बी पेरायचं, की शंभरपट पीक येतं. पीक आलं नाही तर बी कमी पडलं, नाहीतर विश्वास कमी पडला. या सगळ्यात शिकवण कधीच चुकत नाही, चुकतो तो देणारा.

याचा उगम फार जुना नाही. ई. डब्ल्यू. केनियन या प्रचारकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तोंडच्या कबुलीवर भर दिला. पुढे ओक्लाहोमातल्या टल्साहून केनेथ हेगिन यांनी तीच शिकवण देशभर नेली आणि त्याच शहरातले ओरल रॉबर्ट्स यांनी देणगीला 'बी' म्हणायची पद्धत रूढ केली. १९८७ मध्ये रॉबर्ट्स यांनी जाहीर सांगितलं की ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला वर बोलावून घेईल. लोकांनी पैसे पाठवले. २०१५ मध्ये क्रेफ्लो डॉलर यांच्या सेवाकार्याने ६.५ कोटी डॉलरच्या विमानासाठी विश्वासणाऱ्यांना आवाहन केलं. आणि याच वाटेवरचे काही जण मागेही फिरले आहेत. जिम बेकर १९८९ मध्ये फसवणुकीबद्दल तुरुंगात गेले, तिथे येशूची वचनं ओळीने वाचून काढली, आणि आपण पैशाबद्दल शिकवलं ते चुकीचं होतं हे त्यांनी नंतर छापून सांगितलं. २००५ मध्ये बंगळुरूत प्रचंड गर्दी जमवणारे बेनी हिन २०१९ मध्ये स्वतःच म्हणाले की सुवार्ता विक्रीला नाही.

पण विमानं मला तितकी खुपत नाहीत. पुण्यात एका मैदानातल्या सभेला मावशीला घेऊन गेलो होतो. अर्पणाच्या वेळी लिफाफे वाटले. लिफाफ्यावर छापील चौकटी होत्या: कर्जमुक्ती, नोकरी, परदेशी व्हिसा, स्वतःचं घर, संतती, कोर्टाचा निकाल. खूण करायची, खाली रक्कम लिहायची, मागे क्यूआर कोड. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई चार घरची धुणीभांडी करणारी होती, मावशीशी बोलताना तिने सांगितलं. तिने 'संतती'वर खूण केली आणि दोनशेच्या दोन नोटा घातल्या. मंचावरून आवाज आला, "पर्समध्ये काय मागे ठेवलंय ते देव बघतोय." तिने पर्स पुन्हा उघडली, परतीच्या बससाठी ठेवलेली पन्नासची घडी काढली आणि तीही आत सरकवली. लिफाफा चिकटवताना तिचा हात थरथरत होता. मी सभेनंतर तिच्या तिकिटाचे पैसे दिले, पण ती जे ओझं घेऊन घरी गेली ते मला उचलता आलं नाही. मूल झालं नाही तर ती कोणाला दोष देईल? त्या मंचाला नाही, स्वतःला.

आता वचनं बघू. "सर्व बाबतींत तुझे कुशल असावे" हे योहानाच्या तिसऱ्या पत्रातलं दुसरं वचन गायस नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्राची सुरुवात आहे, आपण 'क्षेमकुशल असो' लिहितो तशी. तो करार नव्हे. मार्काच्या दहाव्या अध्यायात शंभरपट मिळण्याचं वचन आहे खरं, पण काय शंभरपट? घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि त्याच दमात 'छळणुकीसह'. हा शब्द मी अशा सभेत आजवर ऐकलेला नाही. ज्याला घरच्यांनी बाहेर काढलं त्याला मंडळीची शेकडो घरं उघडी होतील, असं तिथे येशू सांगतोय. आपल्या आजोबा-पणजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यावर गावाने पाणी तोडलं, तेव्हा दुसऱ्या विश्वासणाऱ्यांनी ओसरी दिली. ते शंभरपट त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

आणि आपल्याच मातीतलं एक उदाहरण. पंडिता रमाबाईंच्या विश्वासाला कमी म्हणायची कोणाची छाती आहे? दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली त्यांनी उचलून आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आत्मिक संजीवन झालं, त्याची वार्ता जगभर गेली. त्या रमाबाईंना बहिरेपणामुळे इंग्लंडमध्ये डॉक्टरकीचं शिक्षण सोडावं लागलं होतं, आणि कान शेवटपर्यंत बरे झाले नाहीत. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या गेल्या. आजच्या मंचावरची मोजपट्टी लावली तर रमाबाई नापास होतात. मग मोजपट्टीच मोडीत काढायला नको का?

पिंपरीकर:

असहमत. जय ख्रिस्त, भाऊ. तुमचं लेखन वाचून वाटलं की तुमच्या घरी तीन पिढ्या पगार येत असावा. राग मानू नका, पण आमच्याकडून ही गोष्ट वेगळी दिसते.

माझे वडील भोसरीत एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, वडील दारूला लागले. आम्ही तेव्हा एका जुन्या, मिशनच्या काळापासूनच्या चर्चचे सभासद. पाळकसाहेब घरी आले, ईयोबाचं वचन वाचलं, "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!" आणि चहा घेऊन गेले. ते परत आले नाहीत. वर्गणी थकली म्हणून चर्चच्या मतदारयादीतून आमचं नाव मात्र गेलं. त्यानंतर आई एका भाड्याच्या हॉलमधल्या फेलोशिपला जाऊ लागली. तिथला पास्टर वडिलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, तू राजाचा मुलगा आहेस, नाल्यात पडायला जन्मलेला नाहीस. माझ्या बापाला आयुष्यात हे कोणी म्हटलं नव्हतं. गावात नाही, कारखान्यात नाही, तुमच्या चर्चमध्येही नाही. दारू सुटली. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, द्यायचा म्हणून घरात पहिल्यांदा महिन्याचा हिशेब मांडला गेला, आणि हिशेब मांडला म्हणून बचत झाली. बहीण आज इंजिनिअर आहे. याला मी आशीर्वाद म्हणतो. तुम्ही काय म्हणता?

गरिबीत समाधान मानावं हे पोट भरलेल्यांनी आम्हाला शिकवलं. मिशनरी बंगल्यात राहायचे आणि आमचे आजोबा कंपाउंडच्या मागच्या चाळीत. पुढे त्या कंपाउंडच्या जागांचं काय झालं हे नगर-पुण्यात कोणाला सांगायला नको. लिफाफ्याचा हिशेब मागता, मग एकरांचा आधी द्या.

वचनांचं म्हणाल तर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा अठ्ठावीसावा अध्याय वाचा: नगरात आशीर्वादित, शेतात आशीर्वादित, टोपली आणि परात आशीर्वादित. अब्राहाम श्रीमंत होता. गलतीकरांस पत्रात, तिसऱ्या अध्यायात, स्पष्ट लिहिलंय की ख्रिस्तामुळे अब्राहामाचा आशीर्वाद परराष्ट्रीयांना मिळतो. आणि रमाबाईंचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, त्या तरी काय करत होत्या? पगार नाही, ठरलेली मदत नाही, प्रार्थना करून पैसा मागत होत्या आणि मिळत होता. आमचे लोक तेच करतात.

वसईची लेक:

पिंपरीकरदादांचा पहिला परिच्छेद वाचून वाईट वाटलं, आणि तो खरा आहे. आमच्याकडेही पॅरिशमध्ये वर्षभर कोणी विचारत नाही आणि मग माणूस 'त्या लोकांकडे' गेला की सगळ्यांना त्याची आठवण येते.

आम्ही कॅथलिक यातून मोकळे आहोत असंही नाही. सप्टेंबरमध्ये वांद्र्याला मोत माउलीच्या सणाला जा. मेणाची घरं, मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं विकायला असतात. गुडघा दुखतो त्याने पाय वाहायचा, घर हवं त्याने घर. माझ्या आजीने घरच वाहिलं होतं. पण एक फरक तिच्याकडे बघून सांगते. आजीला घर कधी मिळालं नाही, भाड्याच्या खोलीतच ती गेली, आणि तरी दरवर्षी माउलीला जायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं की मेण हलकं पडलं. मागणं मागणं होतं, त्याला वसुली जोडलेली नव्हती.

२०१८ साली रोममधल्या 'ला चिव्हिल्ता कात्तोलिका' या जेझुइट नियतकालिकात अंतोनियो स्पादारो आणि मार्सेलो फिगेरोआ यांनी या शिकवणीवर लेख लिहिला होता. त्यातले फिगेरोआ स्वतः प्रॉटेस्टंट. त्यांचा एक मुद्दा मला फार पटला होता: यश हा देवाच्या कृपेचा पुरावा मानला की गरिबाबद्दलची कणव आटते, कारण तो गरीब आहे म्हणजे त्याचंच काहीतरी चुकलं. पिंपरीकरदादा, तुमच्या वडिलांना उभं केलं तो पास्टर चांगला माणूस होता. पण ज्याची दारू सुटली नाही, ज्याच्या मुलीला प्रवेश मिळाला नाही, तो त्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसतो का अजून?

रातपाळी:

मी नर्स आहे, मिशनच्याच एका हॉस्पिटलमध्ये. शास्त्राचा वाद तुम्ही घाला, मी जे पाहिलं ते सांगते.

एकोणीस वर्षांची मुलगी, लहानपणापासून मधुमेह, इन्सुलिनवर. उपवास-प्रार्थनेच्या सभेत तिला सांगितलं की तू बरी झालीस, आता सुई घेणं म्हणजे बरं होण्यावर अविश्वास दाखवणं. तिने इन्सुलिन बंद केलं. आमच्याकडे आणली तेव्हा श्वास जोरजोरात चालला होता, तोंडाला गोडसर, फळ सडल्यासारखा वास, साखर पाचशेच्या वर, शुद्ध जाऊन येऊन. वाचली, देवाची दया. तिसऱ्या दिवशी डोळे उघडल्यावर तिने मला पहिला प्रश्न विचारला, "सिस्टर, माझा विश्वास कमी पडला का?" भूक लागली असं नाही, आई कुठे आहे असं नाही.

मी तिला तीमथ्याला पौलाने पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला ते वचन वाचून दाखवलं. पौलाने त्याला कबुली द्यायला सांगितलं नाही, औषध सांगितलं. ती रडली आणि मग झोपली.

पिंपरीकर:

ताई, त्या मुलीबद्दल वाचून अंगावर काटा आला. ज्याने हे सांगितलं त्याच्यावर कारवाई व्हायला हवी. पण आमच्या पास्टरने कधीही औषध बंद करा म्हटलेलं नाही. उलट माझ्या आईच्या बायपासच्या वेळी मंडळीने रक्तदाते आणले. सगळ्यांना एका दोरीत बांधू नका.

आणि वसईच्या ताई, बसतो. पुढच्या रांगेत नाही, पण बसतो. खोटं बोलणार नाही, साक्ष द्यायला मात्र त्याला बोलावत नाहीत. यावर मी विचार करतोय.

विवेकवाट:

मी ख्रिस्ती नाही, नास्तिक आहे, अंनिसच्या कामात अधूनमधून असतो. तुम्ही 'खरी शिकवण' आणि 'खोटी शिकवण' असा भेद करताय, पण बाहेरून बघणाऱ्याला बुवाबाजी ती बुवाबाजी. अंगारा देणारा महाराज, ताईत देणारा बाबा आणि तेल लावणारा पास्टर, तिघांचं गिऱ्हाईक एकच आहे: ज्याला डॉक्टर परवडत नाही आणि कोर्ट परवडत नाही असा माणूस. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून फसवणूक, लुबाडणूक हे त्यात गुन्हा म्हणून आहे, आणि त्या कायद्याला धर्म नाही. नर्सताईंनी सांगितलं तसे प्रकार पोलिसांत जायला हवेत. ते जात नाहीत, कारण प्रत्येक समाज आपापल्या बुवाला झाकतो. हा समाज उघड बोलतोय याचा आदर वाटतो. पण एक प्रश्न राहतोच. प्रार्थनेने काही होतं हेच जर तुम्ही मानता, तर 'होईल' म्हणणाऱ्याला अडवणार कसे?

खाडीपार:

विवेकवाट यांचा प्रश्न चांगला आहे, म्हणून आधी तोच घेतो. देव बरं करतो हे मी मानतो आणि त्यासाठी प्रार्थनाही करतो. मत्तयाने आठव्या अध्यायात 'त्याने आमचे विकार घेतले' हे यशयाचं वचन येशूने लोकांना खरोखर बरं केलं त्या प्रसंगाला लावलंय, ते मी झाकणार नाही. वाद 'देव करू शकतो' यावर नाही. वाद 'देवाला करावंच लागेल' यावर आहे. पहिल्यात मागणारा हात पसरतो. दुसऱ्यात तो पावती दाखवतो. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." सोबती त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडलं. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लावले तरी इफिसात आजारी बरे होत होते, त्याच पौलाने.

पिंपरीकर, तुमच्या गलतीच्या वचनाचा दुसरा अर्धा भाग वाचा. अब्राहामाचा आशीर्वाद मिळावा, कशासाठी? तर विश्वासाच्या द्वारे आपल्याला आत्म्याविषयीचं वचन मिळावं म्हणून. पौल तिथे गुरंढोरं आणि चांदी म्हणत नाही, पवित्र आत्मा म्हणतो. अनुवाद अठ्ठावीस हा इस्राएल राष्ट्राशी केलेला करार, आणि त्यातले शापही घ्यावे लागतील, फक्त टोपली-परात उचलता येणार नाही.

मी आखातात असतो. शुक्रवारी एकाच इमारतीत मराठी, तमिळ, नायजेरियन, फिलिपिनो सगळ्यांच्या उपासना लागोपाठ होतात. हा अमेरिकेचा आजार आहे असं मी समजत होतो, पण आमच्या आफ्रिकी बांधवांनी तो आमच्याआधी भोगलाय आणि आमच्याआधी तपासलाही आहे. लोझान या जागतिक सुवार्तिक चळवळीच्या आफ्रिकी अभ्यासकांनी घानातल्या अक्रोपाँगला २००८ आणि २००९ मध्ये बसून यावर निवेदन तयार केलं. ते शेरेबाजी करत नाहीत. देव चमत्कार करतो हे मान्य करतात, कष्टाने वर येणं चांगलं हेही मान्य करतात, आणि ही शिकवण भयंकर गरिबीत फोफावते कारण तिथे लोकांना दुसरी आशाच दिसत नाही हे पहिल्यांदा कबूल करतात. मग सांगतात, संपत्तीवरून माणसाचं देवाशी नातं मोजणं शास्त्राला धरून नाही. पिंपरीकरांचा राग आणि शांतिसदन यांचा आक्षेप, दोन्ही एकाच कागदावर मांडायची ताकद त्यांनी दाखवली. आपल्याकडे अजून दोन्ही बाजू वेगळ्या हॉलमध्ये बसतात.

मावळातला पाळक:

मी एका छोट्या मंडळीचा पाळक आहे, साठेक माणसं. आतली गोष्ट सांगतो, कारण ती बाहेर कोणी सांगत नाही.

हॉलचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला. अर्पण पावसाळ्यात निम्म्यावर येतं. शेजारच्या गावात मोठी सेवा सुरू झाली, एलईडी पडदा, कीबोर्डवर चांगला मुलगा, दर महिन्याला 'ब्रेकथ्रू' सभा. माझ्याकडची चार कुटुंबं तिकडे गेली. त्यातला एक तरुण मला भेटून मोकळेपणाने म्हणाला, "पास्टर, तुम्ही अजून मोटरसायकलवर फिरता. तुमच्यावर अभिषेक असता तर देवाने तुम्हाला गाडी दिली असती." त्याच्या मनात कडवटपणा नव्हता. त्याला तसंच शिकवलं होतं. त्या रात्री मी माझ्या बायकोकडे बघू शकलो नाही, कारण तिचे दागिने मंडळीच्या खुर्च्यांसाठी गहाण पडलेले होते.

मोह बाहेरून येत नाही, तिथून येतो. दोन रविवार मलाखी संदेष्ट्याच्या दशमांशावरच्या वचनांवर उपदेश करायचा, 'देवाला ठकवता का' हे वचन जोरात वाचायचं, आणि भाडं निघतं. मला ठाऊक आहे की निघतं. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात देवाच्या दरबाराची कल्पना घेऊन बसले, त्यांना तरी काय मिळालं? दोन वर्षांत ते गेले. मी त्यांचे अभंग गातो आणि मलाखी तसा वापरत नाही. पण जे वापरतात ते सगळे लबाड नाहीत, काही घाबरलेले आहेत.

पिंपरीकर, रमाबाईंबद्दल एक दुरुस्ती. त्यांनी जॉर्ज म्यूलर आणि हडसन टेलर या ख्रिस्ती सेवकांची चरित्रं वाचून विश्वासावर काम चालवायचं ठरवलं, हे तुमचं बरोबर. 'मुक्ती प्रेअर बेल' या पत्रिकेतून त्या कामाची हकिकत आणि गरज कळवायच्या. पण मागणं होतं ते मुलींच्या पोटासाठी. पैसे पाठव म्हणजे तुझं कर्ज फिटेल, असं त्या देणाऱ्याला सांगत नव्हत्या. आलेला पैसा पुन्हा पिठात, विहिरीत, छापखान्यात गेला. त्यांनी भाषांतर केलेलं बायबल त्याच छापखान्यात छापलं.

पिंपरीकर:

पाळकसाहेब, तुमची पोस्ट दोनदा वाचली. रमाबाईंचा मुद्दा मान्य.

पण तुम्हा सगळ्यांना एक विचारायचंय. हे इथे उघड्यावर लिहिताना भीती नाही का वाटत? उत्तर प्रदेशच्या २०२१च्या कायद्यात 'प्रलोभन' म्हणजे काय हे सांगताना चांगल्या राहणीमानाचं आश्वासन आणि देवाच्या कोपाची भीतीसुद्धा धरली आहे. तिथे साध्या प्रार्थनासभेवर पोलीस येतात. उद्या तुमचं हे लेखन दाखवून कोणी म्हणेल, बघा, ख्रिस्ती लोकच म्हणतात की पैशाची लालूच दाखवतात. आधीच बाहेर मार खातोय, त्यात घरातून कोलीत कशाला?

शांतिसदन:

भीती वाटते. तरीही लिहितो, कारण त्या कायद्याच्या भाषेला खरं ठरवायचं काम समृद्धीचा मंच रोज करतोय, माझं लेखन नाही. "येशूकडे या, घर मिळेल, व्हिसा मिळेल" हे फलकावर लावणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या वतीने कबुलीजबाब लिहून देतोय. आपल्या पूर्वजांवर 'तांदळाचे ख्रिस्ती', म्हणजे धान्यासाठी धर्म बदललेले, म्हणून शिक्का मारला गेला. त्यांनी बाप्तिस्म्यापायी काय गमावलं ते आपल्याला घरात ठाऊक आहे. त्यांच्या साक्षीला बाजारभाव लावणाऱ्याला मी गप्प राहून कसा साथ देऊ?

जागांच्या हिशेबाचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के मान्य. मिशनच्या जमिनी विकून खाणाऱ्या विश्वस्तांनी पोकळी तयार केली आणि त्याच पोकळीत हे मंच उभे राहिले. तुमच्या वडिलांकडे परत न आलेला पाळक हाही या गोष्टीतला आरोपी आहे. माझ्या चर्चच्या गेल्या वार्षिक सभेत मी दोन प्लॉटचे कागद मागितले, अजून मिळालेले नाहीत. धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज टाकतोय. नोंदणी झालेल्या प्रत्येक न्यासाला हिशेब तपासून घेऊन तिथे द्यावा लागतो, तो आमच्या बिशपांच्या न्यासालाही लागू आहे आणि तुमच्या फेलोशिपलाही, ती नोंदलेली असेल तर.

पिंपरीकर:

नोंदलेली आहे असं सांगतात. कागद मी पाहिलेला नाही. रविवारी विचारतो, नीट विचारतो, भांडायला नाही.

मलाखी तीन मात्र मी सोडणार नाही, भाऊ. सगळ्या शास्त्रात तिथेच परमेश्वर स्वतः म्हणतो की माझी प्रतीती पाहा, मी आकाशकपाटं उघडतो की नाही. मी पाहिली आहे. माझ्या घरात पाहिली आहे.

शांतिसदन:

सोडू नका. फक्त तेच वचन पहिल्या शब्दापासून वाचा: "माझ्या मंदिरात अन्न असावे म्हणून." दशमांश आधी भांडारात, आणि भांडार कशाला, तर अन्नाला. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात खाणाऱ्यांची यादीही दिली आहे: लेवी, उपरी, अनाथ, विधवा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश वेशीच्या आत साठवायचा आणि या चौघांनी पोटभर खायचा. लेवी म्हणजे तुमचे पास्टर धरा, त्यांना मिळालंच पाहिजे. उरलेले तिघे तुमच्या हॉलमध्ये कोण आहेत, आणि त्यांच्या ताटात त्यातलं किती जातं?

पिंपरीकर:

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही चिंचवडच्या वस्तीत दीडशे घरांना शिधा दिला, त्यात आपले-परके पाहिले नाहीत. ते पैसे अर्पणाचेच होते. त्यानंतर मात्र सगळं साउंड सिस्टीममध्ये आणि नव्या हॉलच्या डिपॉझिटमध्ये गेलंय, एवढं मला खजिनदाराकडून माहीत आहे. साक्षीला न बोलावलेल्या त्या माणसाच्या मुलीची नर्सिंगची फी बाकी आहे. रविवारी हिशेबाबरोबर तेही मांडतो.

रातपाळी:

नर्सिंगची फी असेल तर मला खासगीत निरोप करा. आमच्या हॉस्पिटलच्या कॉलेजात गरजू मुलींसाठी निधी आहे, अर्जाची मुदत अजून गेलेली नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला लागेल. तहसीलमधून दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून उद्याच अर्ज करायला सांगा.